मायक्रोकंट्रोलरवर किल्ल्या काढताना मूळ गुपित आणायचे कुठून?

सूक्ष्मयंत्री:

या धाग्यात एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती गुप्त रूपात बदलण्याच्या, 'की' (key) ऐवजी सर्वत्र 'किल्ली' हा शब्द वापरत आहे, म्हणजे वाक्यातल्या 'की'शी गल्लत होणार नाही.

आमच्या गटाने बनवलेले एक छोटे मोजमाप-उपकरण गेली काही वर्षे वापरात आहे. त्यात कॉर्टेक्स-एम४ गाभ्याचा मायक्रोकंट्रोलर, १२८ किलोबाइट रॅम, ५१२ किलोबाइट फ्लॅश आणि नोंदी साठवण्यासाठी बाहेरची एक वेगळी फ्लॅश चिप आहे. नोंदींचे एन्क्रिप्शन, रेडिओवरून जाणारे संदेश आणि सर्व्हरपुढे उपकरणाची ओळख पटवणे ही तिन्ही कामे एकाच किल्लीवर चालतात. ती किल्ली काढण्याची रीत अशी आहे: चिपचा ९६ बिटांचा अनन्य क्रमांक घ्यायचा, त्याला फर्मवेअरमध्ये (उपकरणातील कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिहून ठेवलेली वीस अक्षरांची एक ओळ जोडायची, दोन्हींचा मिळून एसएचए-२५६ हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) काढायचा आणि त्याचे पहिले १६ बाइट एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीसाठी वापरायचे. हा कोड मीच लिहिला होता. प्रत्येक उपकरणाची किल्ली वेगळी निघते, एवढ्यावर मी समाधानी होतो.

गेल्या महिन्यात आमच्याच गटातील, पण फर्मवेअरवर कधीही काम न केलेल्या एका सहकाऱ्याला मी हे उपकरण तपासायला दिले. त्याच्याकडे एक यूएसबी केबल आणि आम्ही ग्राहकांना पाठवतो ती अद्ययावतीकरणाची फाइल, एवढेच होते. उपकरण यूएसबीला जोडल्यावर आपला अनुक्रमांक म्हणून जे सांगते, तो चिपचा अनन्य क्रमांकच आहे, हे त्याच्या लगेच लक्षात आले. फाइलमधील वाचता येण्याजोगी अक्षरे बाहेर काढल्यावर ती वीस अक्षरांची ओळही सापडली. तासाभरात त्याने १६ बाइट एका कागदावर लिहून माझ्यापुढे ठेवले. मी डीबग कन्सोलवर किल्ली छापून घेतली आणि बोट ठेवून एकेक बाइट ताडून पाहिला. सगळे जुळले.

आता नव्या आवृत्तीत हे मुळापासून बदलायचे आहे. एचकेडीएफ (एका गुपितातून अनेक किल्ल्या काढण्याची प्रमाणित रीत) वापरावे असे सर्वत्र वाचायला मिळते, परंतु त्याच्या तोंडी द्यायचे मूळ गुपित कुठून आणायचे आणि ते ठेवायचे कुठे, याविषयी जाणकारांनी आपले अनुभव लिहावेत ही विनंती.

बीजाक्षर:

तुम्ही प्रश्न योग्य टोकापासून विचारला आहे. बहुतेक चर्चा 'कोणते फंक्शन' इथून सुरू होतात आणि तिथेच संपतात. किल्ली काढण्याची कोणतीही रीत नवे गुपित निर्माण करत नाही. मुळात जेवढी अनिश्चितता असेल, तेवढीच ती पुढे वाटून देते. तुमच्या रचनेत एसएचए-२५६च्या जागी एचकेडीएफ घातले असते, तरी तुमच्या सहकाऱ्याला फार तर पाच मिनिटे अधिक लागली असती.

अनन्य क्रमांकाबद्दल थोडे खोलात लिहितो, कारण ही चूक फार सर्रास होते. एसटीएम३२ मालिकेतील अनेक चिपांमध्ये या ९६ बिटांत काय असते, ते उत्पादकाच्या पुस्तिकेतच छापलेले आहे: वेफरवरील, म्हणजे चिपा कापल्या जातात त्या सिलिकॉनच्या चकतीवरील, त्या चिपचे एक्स आणि वाय स्थान, वेफरचा क्रमांक आणि उत्पादन-लॉटचा क्रमांक, तोही साध्या अक्षरांच्या रूपात. म्हणजे एकाच वेफरवरून कापलेल्या शेजारच्या दोन चिपांचे क्रमांक जवळजवळ सारखेच असतात. तो ओळखीसाठी दिलेला क्रमांक आहे. चिपवर चालणारा कोणताही कोड तो वाचू शकतो, आणि तुमच्याप्रमाणे बरेच जण तो यूएसबीवरून जाहीरही करतात. घराच्या पाटीवरचा क्रमांक कुलपाला लावण्यासारखेच हे झाले. मात्र हा क्रमांक टाकाऊ नाही. तो सॉल्ट (गुपितासोबत मिसळायची उघड माहिती) किंवा इन्फो (किल्ली कशासाठी आहे ते सांगणारी खूण) म्हणून जरूर द्यावा; फक्त गुपिताच्या जागी बसवू नये.

मूळ गुपित आणण्याचे व्यवहारात दोन मार्ग आहेत. पहिल्यात कारखान्यात एक मास्टर किल्ली असते आणि तिच्यातून उपकरणाच्या अनुक्रमांकानुसार प्रत्येकाची किल्ली काढली जाते. दुसऱ्यात प्रत्येक उपकरण पहिल्यांदा सुरू होताना आपल्याच हार्डवेअर यादृच्छिक-जनित्रातून (रँडम बिट देणाऱ्या भागातून) २५६ बिट घेते आणि ते संरक्षित जागी कायमचे लिहून टाकते. मी दुसऱ्याचा आग्रह धरेन. पहिल्या मार्गाचे काय होऊ शकते, याचे उदाहरण म्हणजे कीलॉक. मोटारी आणि गॅरेजच्या दारांच्या रिमोटमध्ये वापरली जाणारी ही प्रणाली, ६४ बिटांची किल्ली आणि ५२८ फेऱ्यांची. प्रत्येक रिमोटची किल्ली उत्पादकाच्या मास्टर किल्लीतून आणि रिमोटच्या अनुक्रमांकातून निघत असे. २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्राहक-यंत्राच्या, म्हणजे रिसीव्हरच्या, वीजवापरातील बारीक चढउतार मोजून ती मास्टर किल्लीच बाहेर काढली. त्यानंतर त्या उत्पादकाच्या एखाद्या रिमोटची नक्कल करण्यासाठी त्याचे जास्तीत जास्त दोन संदेश दुरून ऐकणे पुरत होते. मास्टर किल्ली प्रत्येक रिसीव्हरमध्ये ठेवावी लागत होती, आणि सगळे बिघडले ते तिथे.

अनुनाद:

बीजाक्षर यांच्याशी सहमत आहे, मात्र मास्टर किल्ली सरसकट वाईट असे म्हणता येणार नाही. ती फक्त सर्व्हरकडच्या सुरक्षित हार्डवेअरमध्ये राहिली आणि उपकरणात केवळ तिच्यातून काढलेली किल्ली उतरवली, तर एक उपकरण फोडून दुसऱ्याची किल्ली मिळत नाही. हजारो उपकरणांची यादी सांभाळण्याची सोय नसलेल्या ठिकाणी हा मार्ग उपयोगी पडतो. मास्टर किल्ली उपकरणाच्या आत कधीही जाता कामा नये, एवढे पथ्य मात्र पाळावेच लागते.

आता फंक्शनविषयी. एचकेडीएफ हे ह्यूगो क्रॉचिक यांनी मांडले आणि २०१० मध्ये आरएफसी (इंटरनेट-मानकांच्या दस्तऐवजांची मालिका) ५८६९ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग, एक्स्ट्रॅक्ट, ओबडधोबड गुपितातून एकसारखी यादृच्छिक किल्ली पिळून काढतो. दुसरा भाग, एक्सपांड, त्या किल्लीतून हव्या तितक्या उपकिल्ल्या काढतो. तुमचे मूळ गुपित जर खऱ्या यादृच्छिक-जनित्रातून आलेले पूर्ण २५६ बिट असेल, तर एक्स्ट्रॅक्टची गरज नाही. आरएफसीतच तशी मुभा दिलेली आहे. डिफी-हेलमनमधून (उघड संदेशांतून दोघांनी मिळून गुपित ठरवण्याच्या रीतीतून) आलेले सामायिक गुपित असेल, तर मात्र तो भाग वगळू नये. एक्सपांडसाठी एचमॅकची (किल्ली मिसळून काढलेल्या हॅशची) थोडीशी जागा पुरते, त्यामुळे लहानात लहान चिपवरही ते सहज बसते. तुमच्या चिपमध्ये एईएसचे हार्डवेअर असेल आणि हॅशचे नसेल, तर निस्ट या अमेरिकी मानक-संस्थेच्या एसपी ८००-१०८ मधील काउंटर पद्धत सीमॅकसह (एचमॅकसारखेच काम एईएसने करणाऱ्या रीतीसह) वापरता येते.

इन्फो हा घटक बरेच जण रिकामा सोडतात, आणि मला त्याचेच सर्वांत जास्त वाईट वाटते. तुमची तिन्ही कामे एकाच किल्लीवर चालतात, हा दोष अनन्य क्रमांकाच्या दोषाइतकाच गंभीर आहे, कारण एका कामातील चूक लगेच दुसऱ्या कामाला भोवते. प्रत्येक कामाला वेगळी खूण द्यावी. लोरावॅन या लांब पल्ल्याच्या रेडिओ-मानकाच्या १.० आवृत्तीत हे किती कमी खर्चात साधले आहे, ते पाहण्यासारखे आहे: एकाच मूळ किल्लीने दोन ठोकळे एन्क्रिप्ट केले जातात, त्यांतला पहिला बाइट एकदा ०१ आणि एकदा ०२ असतो, बाकीचा मजकूर तोच, आणि त्यातून नेटवर्कची व अनुप्रयोगाची अशा दोन वेगळ्या किल्ल्या निघतात.

खुणा जोडताना एक खबरदारी घ्यावी. 'नोंद१' आणि '२३' हे तुकडे नुसते चिकटवले, तर 'नोंद१२' आणि '३' यांच्यापासून ते वेगळे ओळखता येत नाहीत आणि दोन निरनिराळ्या कामांना एकच किल्ली मिळते. म्हणून प्रत्येक तुकड्याआधी त्याची लांबी लिहावी, किंवा सगळ्या तुकड्यांची लांबी ठरावीक ठेवावी.

शून्यभार:

आमच्या उपकरणाला अंकी कळफलक आहे आणि वापरणारा सहा अंकी पिन टाकतो. त्या पिनमधूनच पीबीकेडीएफ२ने (पासवर्डवर असंख्य वेळा हॅश चालवून किल्ली काढण्याच्या रीतीने) किल्ली काढली, तर मूळ गुपित साठवण्याचा प्रश्नच उरणार नाही, असे वाटते. सध्या पीबीकेडीएफ२साठी सहा लाख फेऱ्यांची शिफारस दिसते. ते पुरेसे होईल का?

बीजाक्षर:

शून्यभार, हे गणित एकदा मांडून पाहू. माझ्याकडच्या ६४ मेगाहर्ट्झच्या कॉर्टेक्स-एम४वर एसएचए-२५६चा ६४ बाइटांचा एक ठोकळा सुमारे चार हजार चक्रे घेतो. एचमॅकची आतली आणि बाहेरची सुरुवात आधीच काढून ठेवली, तर पीबीकेडीएफ२च्या एका फेरीला दोन ठोकळे लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण आठ हजार फेऱ्या होतात. सहा लाख फेऱ्यांना ७५ सेकंद लागतील. ती सुरुवात प्रत्येक फेरीत नव्याने काढणारी लायब्ररी असेल, तर दीडशे. पिन टाकून एवढा वेळ कोणी थांबणार नाही.

आणि थांबले तरी उपयोग नाही. सहा अंकी पिन दहा लाखच आहेत. बाहेरच्या फ्लॅशमधील नोंदी कोणी उचलून नेल्या, तर सगळे पिन तपासायला १ लाख २० हजार कोटी ठोकळे लागतील, आणि आजचे एकच ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी ठोकळे काढते. काही मिनिटांचे काम आहे. अर्गॉन२सारखी रॅम खाणारी रीत इथे मदतीला येत नाही, कारण आरएफसी ९१०६ मध्ये कमी स्मृतीच्या यंत्रांसाठी सुचवलेले प्रमाणही ६४ मेबीबाइट आहे, म्हणजे सूक्ष्मयंत्री यांच्या रॅमच्या ५१२ पट.

पिन वापरायचाच असेल, तर तो उपकरणाबाहेर न जाणाऱ्या गुपितात गुंतवावा, म्हणजे प्रत्येक प्रयत्न त्याच चिपवर करावा लागेल. ॲपलच्या फोनमध्ये हेच केलेले आहे: पासकोड चिपमध्ये कोरलेल्या, सॉफ्टवेअरला न वाचता येणाऱ्या किल्लीत गुंफला जातो, आणि एका प्रयत्नाला सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशा बेताने फेऱ्या ठरवलेल्या आहेत. त्याच्या जोडीला चुकलेल्या प्रयत्नांची गणती आणि वाढता विलंब हवाच. म्हणजे पिन घेतला तरी मूळ गुपिताचा प्रश्न जागच्या जागीच राहतो.

दीपस्तंभ:

पहिल्यांदा सुरू होताना यादृच्छिक बिट घेणे या सूचनेवर एक इशारा देणे आवश्यक वाटते. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील सार्वजनिक किल्ल्या (किल्लीजोडीतील सर्वांना दाखवायचा अर्धा भाग) गोळा करून त्यांची आपापसांत तुलना केली. टीएलएस (इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीची पद्धत) वापरणाऱ्या ०.५० टक्के यंत्रांच्या आरएसए खासगी किल्ल्या त्यांना केवळ सामाईक मूळ (अविभाज्य) संख्या शोधून काढता आल्या, आणि त्यांत राउटर, फायरवॉल अशी बंद डब्यातली उपकरणेच प्रामुख्याने होती. कारण साधे होते. उपकरण पहिल्यांदा सुरू होते त्या क्षणी त्याच्याजवळ अनिश्चिततेचा काहीच साठा नसतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ते आपली आयुष्यभराची किल्ली बनवते.

मायक्रोकंट्रोलरवर हार्डवेअर जनित्र असते, पण त्याचे घड्याळ सुरू केले नाही किंवा त्रुटीचा बिट तपासला नाही, तर ते काही चिपांवर मुकाट्याने शून्ये देते. मी स्वतः एका सर्किट बोर्डवर हे पाहिले आहे: ३२ बाइटांचे मूळ गुपित, सगळे शून्य, आणि वरचे सगळे एन्क्रिप्शन बिनतक्रार चालू. एचकेडीएफमधून बाहेर पडलेली किल्ली अगदी यादृच्छिक दिसत होती, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. तेव्हापासून मी जनित्रातून गरजेच्या कितीतरी पट बिट घेतो, लागोपाठ येणारे सारखे शब्द नाकारतो, त्या सर्वांतून एक्स्ट्रॅक्टने २५६ बिट काढतो, आणि कारखान्यातील चाचणीत दोन वेगवेगळ्या उपकरणांच्या सार्वजनिक किल्ल्या सारख्या आल्या तर तो सगळा गठ्ठा थांबवतो.

अनुनाद:

दीपस्तंभ यांच्या प्रतिसादाला धरून आणखी एक खड्डा दाखवतो, कारण तो वीज जाणाऱ्या उपकरणांतच आढळतो. जीसीएममध्ये (एईएस वापरण्याच्या एका पद्धतीत) एकाच किल्लीखाली नॉन्स (दर संदेशाला वेगळा असावा लागणारा आकडा) पुन्हा वापरला गेला, तर दोन संदेशांचा परस्परसंबंध उघडा पडतोच, शिवाय संदेश खरा आहे हे ठरवणारी आतली किल्लीही काढता येते. नॉन्सचा गणक जर रॅममध्ये असेल आणि किल्ली दर वेळी तीच निघत असेल, तर बॅटरी काढून पुन्हा घातली की गणक शून्यावर येतो आणि आधीचे सगळे नॉन्स पुन्हा वापरले जातात.

यावर उपाय किल्ली काढण्याच्या रीतीतच आहे. उपकरण किती वेळा सुरू झाले, याचा आकडा फ्लॅशमध्ये ठेवावा, तो प्रत्येक वेळी पहिल्या एन्क्रिप्शनच्या आधी वाढवून लिहावा, आणि इन्फोमध्ये घालून त्या सत्रापुरती वेगळी किल्ली काढावी. नोंदीच्या मथळ्यात तो आकडा उघड लिहिला तरी चालतो, वाचणाऱ्याला त्यावरूनच किल्ली काढायची असते. फ्लॅश झिजेल अशी भीती वाटते, पण हिशोब पाहावा: २ किलोबाइटचे पान, एका वेळी ८ बाइटांचे लेखन, म्हणजे एकदा पुसल्यावर २५६ वेळा लिहिता येते. दहा हजार वेळा पुसण्याची हमी असेल, तर एक पान पंचवीस लाखांहून अधिक वेळा सुरू होण्याला पुरते. फक्त पाने दोन घ्यावीत आणि आलटून पालटून वापरावीत, कारण पुसत असतानाच वीज गेली तर आकडा हरवता कामा नये.

तळटीप:

मूळ गुपित कुठे ठेवावे, यावर अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो.

सर्वांत चांगली जागा ती, जिथे सॉफ्टवेअर किल्ली वापरू शकते, पण वाचू शकत नाही. ईएसपी३२-एस२ आणि त्यानंतरच्या बऱ्याच चिपांत ईफ्यूजमधील (चिपमध्ये एकदाच लिहिता येणाऱ्या बिटांतील) किल्लीवर थेट एचमॅक चालवणारे हार्डवेअर आहे. सॉफ्टवेअर संदेश देते आणि उत्तर घेते, किल्ली त्याच्या नजरेला पडत नाही. एटीईसीसी६०८ ही वेगळी सुरक्षित चिप तर एचकेडीएफ स्वतःच्या आतच करते. एलपीसी५५एस६९मध्ये किल्ली साठवलेलीच नसते, ती एसरॅम सुरू होताना तिच्या पेशींत आपोआप उमटणाऱ्या ठशातून दर वेळी पुन्हा घडवली जाते.

यांतले काहीच नसेल, तर बूटलोडरच्या (सुरुवातीला चालणाऱ्या कोडच्या) हातात एक साधा उपाय उरतो, तोच ट्रस्टेड कॉम्प्युटिंग ग्रुपच्या डाइस या रचनेचा गाभा आहे. मूळ गुपित फक्त सुरुवातीचा, न बदलणारा कोड वाचतो. त्यात पुढच्या कोडचा हॅश मिसळून एक नवी किल्ली काढतो. आणि मग पुढच्या रीसेटपर्यंत मूळ गुपिताची वाट बंद करून टाकतो. पुढचा कोड कोणी बदलला, तर त्याला वेगळीच किल्ली मिळते. मात्र जुन्या नोंदींची किल्ली अशा हॅशवर बांधू नये, नाहीतर पहिल्याच अद्ययावतीकरणानंतर त्या वाचता येणार नाहीत.

वाचनबंदीच्या बिटांवर सगळा भरवसा टाकू नये. मूळ ईएसपी३२चे ईफ्यूज २०१९ मध्ये आणि एनआरएफ५२ या चिपचे डीबग-कुलूप २०२० मध्ये, दोन्ही वीजपुरवठ्याला क्षणभर झटका देऊन उघडले गेले. म्हणूनच एक उपकरण कधीतरी फुटेल असे धरून चालावे, आणि त्यातून दुसऱ्याचे काहीही हाती लागू नये अशी मांडणी करावी.

आणि वापरून झालेली किल्ली रॅममधून पुसताना साधे मेमसेट (सी भाषेतील स्मृती भरण्याचे फंक्शन) लिहू नये. त्या जागेचा पुढे वापर होत नाही असे पाहून कंपायलर ती ओळ काढून टाकू शकतो. एमबेड टीएलएस या लायब्ररीमध्ये यासाठी वेगळे फंक्शन दिलेले आहे.

सूक्ष्मयंत्री:

सर्वांचे मनापासून आभार. आठवडाभर विचार करून नव्या उपकरणासाठी अशी मांडणी ठरवली आहे. मूळ गुपित दीपस्तंभ यांनी सांगितलेल्या रीतीने उपकरणातच तयार होईल आणि फक्त बूटलोडर ते वाचेल. त्यातून तीन उपकिल्ल्या निघतील: नोंदींची, रेडिओची आणि ओळखीची. पहिल्या दोघींमध्ये सुरू होण्याचा आकडा मिसळला जाईल. ओळखीच्या उपकिल्लीतून सहीची किल्लीजोडी बनेल आणि कारखान्यातून फक्त सार्वजनिक अर्धा भाग सर्व्हरकडे जाईल. रेडिओ-सत्राचे गुपित सर्व्हरशी डिफी-हेलमनने ठरेल आणि तिथे एक्स्ट्रॅक्ट वगळला जाणार नाही.

एक प्रश्न मात्र सुटलेला नाही. जी उपकरणे आधीच लोकांकडे आहेत, त्यांना फर्मवेअर पाठवून नवे मूळ गुपित तयार करायला सांगता येईल. परंतु नवी सार्वजनिक किल्ली सर्व्हरकडे पाठवताना ते उपकरण आपली ओळख जुन्या, कोणालाही काढता येणाऱ्या किल्लीनेच पटवणार. मग पलीकडे खरे उपकरण आहे की अनुक्रमांक माहीत असलेला कोणी, हे सर्व्हरला कसे कळेल?

बीजाक्षर:

केवळ दुरून ते कळणार नाही, आणि किल्ली काढण्याच्या कोणत्याही रीतीने ते कळवता येणार नाही. जे गुपित त्या उपकरणात कधी नव्हतेच, त्याच्या आधारे ते स्वतःला सिद्ध करू शकत नाही. मी असे करेन: दुरून नोंदलेल्या किल्ल्यांना सर्व्हरवर वेगळी, कमी विश्वासाची खूण लावेन, एकाच अनुक्रमांकासाठी दुसरी किल्ली आली, तर दोन्ही गोठवेन, आणि अशा उपकरणांकडून मोजमापे स्वीकारेन, पण त्यांना आज्ञा देण्याचे किंवा इतरांचा डेटा दाखवण्याचे अधिकार देणार नाही. उपकरण दुरुस्तीसाठी किंवा तपासणीसाठी प्रत्यक्ष हातात येईल, तेव्हा केबल लावून त्याची सार्वजनिक किल्ली वाचावी, सर्व्हरवरच्या किल्लीशी ताडावी आणि तेव्हाच ती खूण काढावी.

सूक्ष्मयंत्री:

आमची उपकरणे वर्षातून एकदा अंशशोधनासाठी परत येतातच. त्या टेबलावरच ही तपासणी जोडता येईल. सर्व्हरच्या तक्त्यात विश्वासाच्या खुणेचा स्तंभ आज घातला, आणि सध्याच्या सर्व उपकरणांपुढे 'अपुष्ट' असे लिहिले आहे.